तज्ज्ञ म्हणतो खरं, पण कशावरून?

सदोष वस्तूमुळे इजा झाली की खरी लढाई तज्ज्ञाच्या कागदावर होते. ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेक तेच होतं. उत्तरं ग्राहक-कायद्याचं काम करणारे वकील आणि यांत्रिकी अभियंते यांनी मिळून दिली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी डाळ शिजत असताना पाच लिटरच्या कुकरचं झाकण उडालं. आईचा गळा आणि उजवा हात भाजला. कुकर तीन वर्षांचा आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र गेल्या वर्षी जवळच्या भांड्यांच्या दुकानातून बदलून घेतला होता. कंपनीचा माणूस तपासणीसाठी कुकर मागतोय. द्यावा का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : देऊ नका. त्याला पाहायचा असेल तर तुमच्या घरी, तुमच्यासमोर, एकही भाग न उघडता पाहू दे. त्याने काय पाहिलं ते कागदावर लिहून सही घ्या.

कुकर अजून घासला नसेल अशी आशा आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला, शिट्टीच्या नळीच्या तोंडाशी डाळीचं साल अडकलेलं असतं किंवा नसतं. कधीकधी सगळी तक्रार त्या सालावर उभी राहते किंवा पडते. आधी जवळून फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग भांडं, झाकण, शिट्टी, रबर आणि व्हॉल्व्ह जसे आहेत तसे कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट राहून ॲल्युमिनियमवर डाग पडतात आणि मग कोणता डाग आधीचा, कोणता नंतरचा हा नवाच वाद उभा राहतो. खोक्याला चिकटपट्टी लावून तिच्यावर तुमची आणि दोन शेजाऱ्यांची सही घ्या, तारीख टाका.

झाकण बाहेरून बसतं की आतून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फरक मोठा आहे. आतून बसणाऱ्या झाकणाला वाफच काठाशी दाबून धरते, त्यामुळे ते उडालं असेल तर आधी काठ वाकलाय का ते पाहायचं. बाहेरून फिरवून बसवायच्या झाकणाचा सगळा भार खाचांवर असतो. खाचा झिजल्या असतील किंवा झाकण पुरतं फिरलं नसेल तर ते दाबाखाली सुटतं. यानंतर सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टी होते तेव्हा आत साधारण १ किलो दाब आणि १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. नळी चोंदून दाब चढत गेला तर व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळून वाफेला वाट मिळायला हवी. तो वितळलेला नसेल तर दोन शक्यता उरतात. एक, दाब तितका चढलाच नव्हता आणि झाकण नीट अडकलेलं नव्हतं. दोन, दाब चढला पण व्हॉल्व्हने काम केलं नाही. तज्ज्ञाने यातली एक शक्यता कारण देऊन बाद केली पाहिजे. नुसतं ‘कुकर सदोष’ लिहून भागत नाही.

दुकानातल्या व्हॉल्व्हबद्दल. तो लपवू नका, उलटतपासणीत निघतोच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ मध्ये वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात बदल केला गेला तर विक्रेत्याला बचाव मिळतो, आणि स्वतः विकणारा उत्पादकही कायद्याच्या व्याख्येत विक्रेत्यात मोडतो. कंपनी तो बचाव घेणारच. त्यावर उत्तर एकच : अपघात व्हॉल्व्हमुळे झाला नाही, खाचांमुळे झाला, हे मोजमापाने दाखवणं. खाचा झिजल्या नसतील आणि नळीही चोंदलेली असेल, तर कंपनीविरुद्धची बाजू खरोखर कच्ची आहे. तेव्हा व्हॉल्व्ह विकणारा दुकानदार आणि त्या व्हॉल्व्हचा उत्पादक यांनाही सामनेवाले (प्रतिवादी) करायचं की नाही, हे तक्रार लिहितानाच ठरवा.

तपासणीचा रीतसर रस्ता त्याच कायद्याच्या कलम ३८(२)(ग) मध्ये आहे. दोष चाचणीशिवाय कळणार नसेल तर ग्राहक आयोग नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालाला ४५ दिवस, गरज पडल्यास मुदतवाढ. फी तुम्हाला आयोगात भरावी लागते. अहवालावर दोन्ही बाजूंना लेखी हरकत घेता येते. हा अर्ज तक्रारीबरोबरच द्या, युक्तिवादाच्या वेळी नको. अर्जात ‘कुकर तपासावा’ एवढंच लिहिलं तर प्रयोगशाळा आयएस २३४७ या मानकाच्या चाचण्या लावून ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ कळवते आणि अपघाताचं कारण बाजूलाच राहतं. म्हणून प्रश्न तुम्हीच लिहून द्या : नळी चोंदलेली होती का आणि कशाने, मिश्रधातू वितळला आहे का, खाचांची जाडी किती आणि त्याच मॉडेलच्या नव्या झाकणाशी तुलना केल्यास किती घट, दाबाखाली झाकण सुटल्याचे ओरखडे आहेत का. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असली तरी ती या चाचणीसाठी आहे का ते मान्यतापत्राच्या यादीत पाहा. महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत, पण अन्नाची चाचणी करणारीकडे धातूचं काम देऊन उपयोग नाही. शिवाय ‘योग्य प्रयोगशाळा’ म्हणजे सरकारने मान्यता दिलेली किंवा कायद्याने स्थापन होऊन सरकारी पैशावर चालणारी, अशी व्याख्या कायद्यात आहे, तिच्यात ती बसली पाहिजे.

एक गोष्ट आजच करा. रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर अपघात कसा झाला म्हणून काय लिहिलंय ते वाचा. घाईत डॉक्टरांनी ‘झाकण उघडताना भाजले’ असं लिहिलेलं असेल तर कंपनीला वेगळा तज्ज्ञ आणायची गरजच पडणार नाही. चूक असेल तर आईचं आणि घरात हजर असलेल्यांचं प्रतिज्ञापत्र लगेच करून ठेवा. तक्रारीची मुदत, कलम ६९ प्रमाणे, दोन वर्षं.

प्रश्न : बाथरूममधल्या १५ लिटर गीझरची टाकी फुटली, सासऱ्यांच्या पायावर कढत पाणी पडलं. कंपनीने गीझर स्वतःच्या प्रयोगशाळेत नेला आणि दोन ओळींचा अहवाल दिला : ‘क्षारांचा थर आढळला. वापरकर्त्याचा निष्काळजीपणा. उत्पादनात दोष नाही.’ आता तोच अहवाल त्यांच्या अभियंत्याच्या प्रतिज्ञापत्रासह आयोगात आला आहे. (एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर : अहवाल कंपनीच्या घरचा आहे एवढ्यावर तो फेकला जात नाही. त्याचं वजन कमी करायचं असेल तर आत काय नाही ते दाखवा.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल हा निकाल कामाचा आहे. तो खटला सफरचंदांच्या बागांचा होता, गीझरशी त्याचा संबंध नाही. पण तत्त्व तेच : तज्ज्ञाने निष्कर्षाबरोबर त्यामागची माहिती आणि शास्त्रीय निकष न्यायालयापुढे ठेवायचे, म्हणजे निष्कर्ष बरोबर आहे का हे न्यायालयाला स्वतः तपासता येईल. तुमच्या अहवालात निष्कर्ष तेवढा आहे.

आता मधला दुवा कुठे तुटलाय तो पाहा. क्षार साचतात ते मुख्यतः कॉइलवर. त्याने कॉइल जास्त तापते, जळते, पाणी उशिरा तापतं. टाकी फुटायला मात्र दाब लागतो. तापमानामुळे दाब चढायचा तर थर्मोस्टॅटने वीज तोडलेली नसावी लागते, त्याच्या पाठीशी असलेला, अति तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटआउटही चाललेला नसावा लागतो आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकलेला असावा लागतो. तीन पहारेकरी एकाच वेळी झोपले, असं म्हणायचं तर तिघांचीही तपासणी हवी. अहवालात तिघांपैकी एकाचंही नाव नाही. क्षारांनी व्हॉल्व्हचं तोंडच बंद केलं असं कंपनी उद्या म्हणेल. म्हणू दे. मग व्हॉल्व्ह कधी आणि कसा साफ करायचा, किती जड पाणी चालतं, हे पुस्तिकेत लिहिलं होतं का? नसेल तर पुरेशा सूचना न देणं हाच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८४ खाली दोष आहे. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या या पट्ट्यात गीझर विकणाऱ्याला पाणी जड असतं हे माहीत नव्हतं, असं म्हणणं अवघड जाईल.

आयोगापुढचं काम प्रतिज्ञापत्रांवर चालतं. उलटतपासणी हवी तर लेखी प्रश्नावली देता येते आणि तज्ज्ञाला शपथेवर उत्तरं द्यावी लागतात. जे. जे. मर्चंट विरुद्ध श्रीनाथ चतुर्वेदी या २००२ च्या निकालात हा मार्ग दाखवलेला आहे. वीसेक प्रश्न पुरेत, शंभर दिले की आयोगही कंटाळतो. असे विचारा :

गीझर कोणत्या तारखेला, कोणाकडून, मोहोरेसह की मोहोरेशिवाय मिळाला? उघडण्याआधीचे फोटो कुठे आहेत? टाकी शिवणीवर फाटली की पत्र्यात? फाटलेल्या कडेची जाडी किती भरली? थर्मोस्टॅट किती अंशाला वीज तोडतो हे मोजलं का, मोजणाऱ्या उपकरणाच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) तारीख काय? कटआउटची अवस्था काय होती? क्षारांचं वजन किंवा जाडी किती? दुसरं कोणतं कारण विचारात घेतलं आणि का सोडलं? मूळ नोंदवही हजर करणार का? उरलेले तुकडे आज कुठे आहेत?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, तुकडे जपून ठेवण्याचा आदेश आत्ताच मागा. तुकडे टाकून दिले असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खालचं अनुमान तुमच्या बाजूने येऊ शकतं : जो पुरावा हातात असून हजर केला नाही, तो दडवून ठेवणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता.

तुमचा दुखरा कोपरा टॉवरमधला दाब आहे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार. ३० मजली इमारतीत खालच्या मजल्यावर, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर, नळाशी ८-९ बार भरू शकतात. तुमच्या मजल्यावर गेज लावून सकाळी आणि रात्री दाब मोजून घ्या आणि टाकीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. जास्त भरला तर गीझर कोणी बसवला हा प्रश्न पुढे येतो. कंपनीच्याच माणसाने दाब न मोजता बसवला असेल तर बाजी पुन्हा तुमच्याकडे.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली माझी ई-स्कूटर जळाली, शेजारची कारही होरपळली. अग्निशमन दलाच्या दाखल्यात ‘शॉर्ट सर्किट’ लिहिलंय. कंपनी म्हणते तुमचा एक्स्टेन्शन बोर्ड खराब. तज्ज्ञ आणावाच लागेल का? सर्वोच्च न्यायालयाने नको म्हटल्याचं वाचलं. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तुम्ही वाचलं ते ह्युंदाई मोटर इंडिया विरुद्ध शैलेंद्र भटनागर, २०२२. जोरदार अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत. न्यायालय म्हणालं, ग्राहक वेग आणि बलाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ नसतो, घटनाच पुरेशी बोलते. पण तिथे एअरबॅग न उघडण्याला ग्राहकाच्या घरातलं दुसरं कारण नव्हतं. तुमच्याकडे बोर्ड आहे. तेव्हा तज्ज्ञ लागेल.

अग्निशमन दलाचा दाखला वर्दी किती वाजता आली, आग कुठे दिसली, काय जळालं यासाठी चांगला पुरावा. कारणाचा रकाना जागेवर पाहून भरलेला असतो, तो तपास नव्हे.

बोर्ड, पिन, चार्जर आणि बॅटरीचा जळालेला पॅक चौघंही जपा. बोर्ड फेकलात तर कंपनीला आयतं कोलीत मिळेल. आजच कंपनीला लेखी नोटीस द्या : चेसिस क्रमांक, पॅकचा क्रमांक, तारीख घालून सर्व्हरवरच्या चार्जिंगच्या नोंदी, सेलचे व्होल्टेज, तापमान आणि इशारे पुसू नका म्हणून. हा सगळ्यात मोलाचा साक्षीदार आहे आणि तो कंपनीकडेच आहे. पुढे कलम ३८(९) खाली तो मागवता येतो.

पॅक कापण्याआधी त्याचं एक्स-रे सीटी स्कॅन, आणि कापायचाच असेल तर कंपनीला तारीख कळवून. एएसटीएम ई-८६० हे अमेरिकी मानक नेमकं याच कारणासाठी आहे. भारतात ते बंधनकारक नाही, पण तुमच्या तज्ज्ञाने पाळलं तर ‘आमच्या पाठीमागे कापलं’ ही ओरड बंद होते.

तज्ज्ञ चुकतात ती जागा दाखवतो. सेलमधल्या तांब्याच्या पत्र्यावर वितळलेले मणी दिसले की अहवालात लगेच ‘अंतर्गत शॉर्ट’ येतं. तर्क असा की तांबं १०८५ अंशांना वितळतं, साधी आग तिथवर सहसा पोचत नाही, म्हणजे विजेची ठिणगी. पण त्याच सेलमध्ये ॲल्युमिनियमचा पत्राही असतो. तो ६६० अंशांना वितळून तांब्यावर ओघळला की दोघांचा मिश्रधातू होतो, आणि तो ५४८ अंशांपासूनच वितळू लागतो. म्हणजे मणी आगीच्या कारणाची खूण नसून आगीचा परिणामही असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यात ॲल्युमिनियम आहे का हे तपासलं नसेल तर सामनेवाल्याचा वकील एका प्रश्नात अहवाल आडवा करेल.

दुसरी चूक : ‘बोर्ड ठीक होता, सिगारेट नव्हती, म्हणून बॅटरीच.’ आगीच्या तपासाची अमेरिकी मार्गदर्शिका एनएफपीए ९२१ हिने २०११ च्या आवृत्तीपासून ही पद्धत शास्त्रीय नाही असं म्हटलं आहे. इतर कारणं बाद करणं हवंच, पण बॅटरीच्या बाजूने काहीतरी प्रत्यक्ष सापडलं पाहिजे.

पॅक जळून काहीच उरलं नसेल तरी दावा मेला असं समजू नका. राष्ट्रीय बीज महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी, २०१२ : शेतकऱ्याने सगळं बियाणं पेरलं, प्रयोगशाळेला पाठवायला नमुना कुठून आणणार, असं म्हणून न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. त्याच खेपेतल्या दुसऱ्या पॅकची मागणी करता येते.

प्रश्न : अमेरिकेतली ‘डॉबर्ट’ कसोटी भारतात लागू आहे का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, नौपाडा)

उत्तर : नाही, निदान त्या रूपात नाही. तज्ज्ञाचं मत न्यायालयात येऊ द्यायचं का हे ठरवताना तिकडे १९२३ च्या फ्राय निकालापासून ‘त्या क्षेत्रात सर्वसाधारण मान्यता आहे का’ एवढंच पाहत. १९९३ मध्ये डॉबर्ट विरुद्ध मेरेल डाऊ हा खटला आला : गरोदरपणातल्या मळमळीवरचं बेंडेक्टिन हे औषध आणि बाळांमधलं जन्मजात व्यंग. न्यायालयाने पहारा न्यायाधीशाकडे दिला. पद्धत तपासून पाहता येते का, इतर जाणकारांनी छाननी केली का, चुकीचं प्रमाण किती, चाचणीला नियम आहेत का, मान्यता आहे का. न बसणारा तज्ज्ञ ज्यूरीपुढे उभाच राहत नाही. १९९७ च्या जॉइनर निकालाने माहिती आणि निष्कर्ष यांच्यातली दरी केवळ तज्ज्ञाच्या शब्दाने भरून निघत नाही असं सांगितलं.

वाचायचाच तर १९९९ चा कुम्हो टायर वाचा. गाडीचा टायर फुटला. तज्ज्ञाचं सूत्र असं : हवा कमी ठेवून टायर वापरल्याच्या चार खुणांपैकी दोन तरी नसतील तर दोष बनावटीतला. टायर काही भागांत पार गुळगुळीत झालेला, पंक्चर नीट न काढलेली, चारही खुणा थोड्याफार दिसत होत्या, आणि तो किती हजार मैल धावला हे तज्ज्ञाला सांगता येईना. हात फिरवून आणि डोळ्यांनी पाहून काढलेला निष्कर्ष नाकारला गेला. इंजिनीअरच्या अनुभवालाही हीच कसोटी, हे तिथे पक्कं झालं. १ डिसेंबर २०२३ पासून तिकडच्या संघीय साक्ष-नियमांतल्या नियम ७०२ मध्ये, मत ग्राह्य असल्याचं दाखवायची जबाबदारी ते मांडणाऱ्यावर आहे, हे शब्दांत आलं.

आपल्याकडे ज्यूरी नाही, त्यामुळे दारावर अडवण्याची निकडही नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ तज्ज्ञाला आत येऊ देतं, कलम ४५ मताची कारणं विचारतं आणि कस लागतो तो वजन ठरवताना. ग्राहक आयोगात तर साक्षीचे नियम शब्दशः लागत नाहीत. परीक्षेत ‘भारतात डॉबर्ट लागू’ असं लिहू नकोस. पण प्रश्नावली लिहिताना ते पाच मुद्दे जरूर वापर, आयोगापुढे नाव न घेता.

प्रश्न : माझा मेकॅनिक तीस वर्षं ब्रेकचं काम करतो, डिग्री नाही. तो तज्ज्ञ म्हणून चालेल? (वागळे इस्टेट)

उत्तर : चालेल. कायदा विशेष कौशल्य मागतो, पदवी मागत नाही. पण तुमच्याच गाडीची दुरुस्ती त्याने केली असेल तर त्याला तज्ज्ञ करू नका, घटनेचा साक्षीदार करा. स्वतःच्या कामाला कोण वाईट म्हणेल, हा प्रश्न लगेच येतो.

प्रश्न : पार्लरमध्ये केसांना रंग लावल्यावर चेहरा सुजला. त्वचारोगतज्ज्ञांच्या दाखल्यात ‘डायची ॲलर्जी’ लिहिलंय. पुरे का? (कोपरखैरणे)

उत्तर : पुरे नाही. दोन वेगळ्या गोष्टी सिद्ध करायच्या आहेत : या रंगातल्या घटकाने अशी सूज येऊ शकते, आणि तुमची सूज त्यानेच आली. पहिली सोपी, पॅरा-फिनिलीनडायअमीन हा घटक ॲलर्जीसाठी बदनामच आहे. दुसरीसाठी पॅच टेस्ट लागते : पाठीवर पेट्रोलॅटममधला (व्हॅसलीनसारख्या मलमातला) १ टक्क्याचा नमुना, ४८ तासांनी पट्टी काढून वाचन आणि पुन्हा ९६ तासांच्या सुमारास. दोन्ही वाचनं, फोटो आणि रंगाचा बॅच क्रमांक दाखल्यात हवा.

ॲलर्जी म्हणजे दोष नव्हे, हेही लक्षात घ्या. अशा रंगाच्या पाकिटावर आधी थोड्या त्वचेवर लावून पाहण्याची सूचना असावी लागते. ती असूनही पार्लरने तशी चाचणी केली नसेल तर तुमचा रोख कंपनीपेक्षा सेवा देणाऱ्या पार्लरकडे, म्हणजे कलम ८५ कडे, वळला पाहिजे. पाकीट पार्लरच्या कचऱ्यात गेलं असेल तर तोच रंग, त्याच दुकानातून, बिलासह आजच विकत घ्या. आणि सूज उतरवायला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पॅच टेस्टची तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण गोळ्यांच्या काळात ॲलर्जी असूनही चाचणी कोरी येऊ शकते, आणि तो कोरा कागद सामनेवाला जपून ठेवील.